एकोणतीस खुर्च्या आणि एक बूट

थोरल्या वन्सं यांस, वाकून नमस्कार.

(खरोखर वाकले आहे. कागदावर ओणवं झाल्याशिवाय मला लिहिताच येत नाही, त्यामुळे नमस्कार आपोआपच घडतो.) तुमचा खोकला आता कसा आहे? गुळण्या चालू आहेत ना? का माझ्यासारखंच, बरं वाटलं की औषधाची बाटली खिडकीत आणि आपण दुसऱ्या कामाला? इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुमच्याकडच्या चार दिवसांत तुमच्या भावाचं वजन दोन किलोंनी वाढलं. ते उतरवायला हे रोज सकाळी गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारतात आणि खालच्या मजल्यावरचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकून ताल धरतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत की तुमचा भाऊ एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा घालून तुमच्या दारात कसा उभा राहिला. तेव्हा मी म्हटलं, विमानात पाय सुजला. वन्सं, ते खोटं होतं. विमान तासभर उशिरा का आलं, तर हवा खराब होती, असंही मी म्हटलं. तेही खोटं. हवा इतकी स्वच्छ होती की धावपट्टीच्या पलीकडची म्हैस मला दिसत होती. थोरल्या माणसाशी खोटं बोललेलं मला पचत नाही (धाकट्यांशी पचतं), म्हणून सगळं सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक विमा-एजंट राहतात. जगातल्या कुठल्याही रांगेत उभं न राहण्याचा त्यांचा दांडगा अभ्यास आहे. आम्ही तिकीट काढणार हे कळताच ते खाली आले आणि म्हणाले, "व्हीलचेअर मागा. फुकट असते. रांग नाही, दगदग नाही, राजासारखं सगळ्यांच्या आधी विमानात. उतरल्यावर उठून चालायला लागायचं. कोण बघतंय?" झालं, ही कल्पना यांच्या डोक्यात शिरली. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, जो अजून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो, त्याने गुडघा गेल्याचं सोंग आणायचं म्हणजे काय खायचं काम आहे? तालीम मी घेतली. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि म्हटलं, चाला. हे उजव्या पायाने लंगडले. पट्टा उजव्या पायाला बांधला तर डाव्याने. तिसऱ्या खेपेला दोन्ही पायांनी लंगडले, तेव्हा ते लंगडणं न दिसता कवायत दिसायला लागली. शेवटी मी कुंडीतला एक खडा उचलला आणि यांच्या डाव्या बुटात टाकला. म्हटलं, आता लक्षात ठेवायची गरज नाही. आणि खरंच सांगते, असे लंगडले की मीच धावत जाऊन आधार दिला.

विमानतळावर पोहोचलो तर काय, साधी रांग मोकळी! दोन माणसं आणि एक पिशवी. आणि व्हीलचेअरवाल्यांची रांग थेट बाहेरच्या दारापर्यंत. मी मोजल्या, यांची धरून एकोणतीस खुर्च्या. मी म्हटलं, चला, उठा, साध्या रांगेतून पाच मिनिटांत आत जाऊ. हे दात आवळून म्हणाले, "आता कसा उठू? सगळ्यांनी बसताना पाहिलंय." मग त्या खुर्चीपायी रांगेत पाऊण तास. त्यात तपासणीच्या जागी यांना बूट काढायला लावले आणि खडा टुणकन उडून थेट जवानाच्या टेबलावर. त्याने चिमटीत धरून विचारलं, "हे काय?" हे प्रामाणिक माणूस, बोलून गेले, "खडा." जवानाचा चेहरा एकदम मऊ झाला. "मुतखडा? बापरे, एवढा?" मी घाईने म्हटलं, डॉक्टरांनी जपून ठेवायला सांगितलाय. त्याने तो कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी यांना परत दिला आणि वर, काका, पाणी भरपूर पीत जा, म्हणाला. (कागद काढून खडा पुन्हा बुटात घालायचं काम अर्थातच माझ्याकडे.)

आतमध्ये आमच्या गेटजवळ सगळ्या खुर्च्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, थेट सलूनमध्ये नंबर लागल्यासारख्या. ढकलणारी माणसं सहा. त्यांची मुख्य एक खुर्चीवाली बाई होती, पन्नाशीची, मनगटं पैलवानासारखी. तिने या एकोणतीस जणांकडे एकदाच नजर फिरवली आणि मला कळलं की हिला सगळं कळलंय. आजारी मंडळींच्या गप्पा रंगल्या होत्या. मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ आपल्या मणक्यात चार चकत्या सरकल्याचं सांगत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, माझ्या सहा. मफलरवाल्यांनी लगेच आपल्या सात केल्या. आणि तेवढ्यात वड्या विकणारी ढकलगाडी समोरून गेली, तर सात चकत्यांचा तो माणूस ताडकन उठून, तिला गाठून, सुटे मोजून घेऊन परत येऊन कण्हत बसला.

अशात एक बाई आल्या. चाळिशीच्या, पाठीवर पिशवी, दोन्ही हातांत कोपरापर्यंतच्या कुबड्या, एका पायाला कंबरेपासून लोखंडी पट्ट्या. गणित शिकवतात, हे मला नंतर कळलं, म्हणून मी त्यांना गणिताच्या बाईच म्हणते. त्यांनी महिनाभर आधी खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्चीवाली म्हणाली, "बाई, एकही उरली नाही हो. दुसरीकडून मागवलीय, पण तिथेही हीच तऱ्हा." आणि नेमकी त्याच क्षणी घोषणा झाली की आमचं गेट बदललंय. आता शेवटचं गेट. म्हणजे चांगली पाऊण किलोमीटरची वाट, आणि दारं बंद व्हायला वीस मिनिटं.

वन्सं, त्या क्षणी एकोणतीस माणसं एकदम छताकडे बघायला लागली. मीही बघितलं. छतात बघण्यासारखं काहीही नव्हतं. गणिताच्या बाईंनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, ओठांत पुटपुटत मोजल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "एका विमानात एकोणतीस? प्रमाण जमत नाही." मग खुर्चीवालीला म्हणाल्या, "उद्या दहाला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. हे विमान चुकलं तर जागा गेली. मी निघते, बघू कुठवर पोचते." आणि निघाल्याच. टक, टक, टक. एवढ्या गजबजाटात तो एकच आवाज मला ऐकू येत होता. दहा-बारा पावलांवर त्या थांबल्या, एक कुबडी काखेत धरून खांदा चोळला आणि पुन्हा निघाल्या.

माझा हात आपोआप यांच्या खांद्याकडे गेला, तर तिथे खांदाच नव्हता. हे उभे होते! पी.टी.च्या तासाला खोटी चिठ्ठी आणणाऱ्या पोरांना या माणसाने मैदानाला दुप्पट फेऱ्या मारायला लावल्या आहेत, वन्सं. यांचे कान लालबुंद झाले होते. खुर्ची ढकलत हे बाईंपाशी गेले आणि म्हणाले, "बसा." त्यांनी विचारलं, "आणि तुमचा गुडघा?" हे म्हणाले, "गुडघा ठणठणीत आहे. लाज तेवढी दुखतेय." बाई हसल्या आणि बसल्या. मग हे मागे वळले, छाती भरून घेतली आणि तीस वर्षांच्या सवयीने गरजले, "सावधान!"

काय सांगू! अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उभे. एकाही टाचेचा आवाज मागेपुढे नाही. शाळेत शिकलेलं माणूस विसरत नाही हेच खरं. सर्वांत आधी उठले ते मफलरवाले. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत यांनी पुढचा हुकूम सोडला, "पळ!" आणि वन्सं, सगळे पळाले. मणके, गुडघे, चकत्या, चक्कर, सगळं पळालं. काहींनी आपली सामानं खुर्चीवर ठेवून खुर्च्याच ढकलत नेल्या. सहा चकत्यांच्या बाईंनी सात चकत्यांच्या मफलरवाल्यांना वळणावर मागे टाकलं. खुर्चीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पंधरा वर्षं या कामात आहे, एका दमात एवढे बरे झालेले आज पहिल्यांदा बघितले." आणि गणिताच्या बाई मांडीवर कुबड्या धरून पुढच्या लोकांना "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" ओरडत होत्या.

अर्ध्या वाटेवर यांना खड्याची आठवण झाली, म्हणजे खड्यानेच करून दिली. एका हाताने खुर्ची धरून, एका पायावर उड्या मारत यांनी डावा बूट उपटला आणि जागा दिसेल तिथे फेकला. तो पडला सरकत्या पट्ट्यावर. पण वन्सं, दोन पट्टे असतात, एक पुढे नेणारा आणि एक मागे. आमचा बूट मागे नेणाऱ्यावर पडला. मी वळून पाहिलं तर तो एकटाच, डुलत डुलत, आम्ही आलो त्या दिशेने चालला होता. खडा त्यातच होता.

गेट गाठलं चार मिनिटं राखून. पण खरी गंमत पुढेच. गेटवर चष्म्यावरून बघणारी एक अधिकारी बाई होती. तिच्या यादीत लिहिलेलं की एकोणतीस प्रवासी आणि शिवाय गणिताच्या बाई, हे तीस जण चालू शकत नाहीत. विमानाला जिना होता. ती म्हणाली, ज्यांना चालता येत नाही त्यांना जिना चढू देता येत नाही, लिफ्टच्या गाडीतून एका वेळी चौघांनाच नेणार. धापा टाकणारे, घामाने निथळणारे एकोणतीस लोक तिला सांगायला लागले की आम्ही चालू शकतो. ती म्हणाली, "कागदावर नाही शकत." शेवटी तोडगा निघाला. प्रत्येकाने लिहून द्यायचं, मी चालू शकतो, खाली सही, आणि त्याखाली प्रवाशाला चालताना पाहिलेल्या साक्षीदाराची सही. साक्षीदार कोण होणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. तेव्हा गणिताच्या बाईंनी हात वर केला. खुर्चीत बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन त्यांनी एकोणतीस कागदांवर सही केली आणि प्रत्येकावर सुंदर अक्षरात लिहिलं: चालताना नव्हे, पळताना पाहिले. मफलरवाल्यांच्या कागदावर त्यांनी "उत्तम" असा शेराही मारला. विमानाला तासभर उशीर झाला तो यामुळे. हवेचा बिचारीचा काही दोष नाही.

विमानात गणिताच्या बाई आमच्याच रांगेत आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "राहू द्या. आजवर खुर्ची मिळाली नाही की मी एकटीच चिडायचे. आज पहिल्यांदा सगळे माझ्याबरोबर पळाले." मग मला एकदम रडू आलं आणि त्यांनीच मला रुमाल दिला. सगळं उलटंच चाललं होतं. नोकरीवर त्या वेळेत हजर झाल्या, परवा फोन आला होता.

तर बुटाची हकिगत ही अशी. भाचीला खूप आशीर्वाद, तुमच्या ह्यांना नमस्कार, आणि खोकल्याची हयगय करू नका.

तुमची धाकटी वहिनी

ता. क. एक सांगायचं राहिलं. गणिताच्या बाईंना तुमच्या गावात तळमजल्यावरचं घर हवं होतं. हे उत्साहाच्या भरात बोलून गेले की आमच्या ताईच्या इमारतीत एक रिकामं आहे. बाईंनी ते घेतलंसुद्धा, पहिल्या तारखेला राहायला येताहेत. गाडी त्या स्वतः चालवतात. लिफ्टजवळ अपंगांच्या गाडीसाठी निळ्या पाटीची जागा आहे का, असं त्यांनी विमानातच विचारलं आणि हे जे खोकत सुटले ते विमान उतरेपर्यंत. वन्सं, लहान तोंडी मोठा घास घेते. त्या जागेवर चार वर्षं तुमच्या ह्यांची गाडी उभी असते. दारात करंगळी चेंगरली होती तेव्हाचं ते अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आणि करंगळी केव्हाच बरी झाली, तुमच्याकडे होतो तेव्हा त्याच हाताने ते कॅरम खेळताना मी पाहिलं. एकतीस तारखेपर्यंत गाडी हलवता आली तर बघा. नाही तर बाईंना साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस आहे, एवढंच सुचवते.

ता. क. २. पत्र यांना वाचायला दिलं होतं. 'ही कल्पना यांच्या डोक्यात शिरली' या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ ओढून दिली आहे आणि दोरी घेऊन गच्चीवर निघून गेले आहेत. बरं, खरं लिहिते. तिकिटाच्या अर्जावरच्या व्हीलचेअरच्या चौकटीत खूण मी केली होती. यांना ते दोन दिवसांनी कळलं.

ता. क. ३. अक्षर हललं असेल तर माफ करा, एवढं शेवटचं दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. साध्या रांगेत पस्तीस माणसं होती, म्हणून ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेत बसले. मला त्रेपन्नावं चालू आहे. वय विचारलं तर काय सांगायचं ते घरून ठरवून आले होते, पण वन्सं, तासभर झाला, मेलं कुणी विचारतच नाही.