माझ्या दहाव्याचा ड्रोन

मी, श्रीमती शालनबाई मारुतराव बोराटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी दूध, हल्ली मुलांची काळजी, राहणार मोशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण गुडघ्यांबद्दल कायदा काही विचारत नाही, असे आमचे शेजारी, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून अर्जुनराव यांनी सांगितले आहे.

मला दोन मुलगे. थोरला गणराज, संगणकाच्या कंपनीत, राहणार वाकड, अठरावा मजला. धाकटा सुजित, महाळुंग्याच्या कारखान्यात, राहणार माझ्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर. दोघे चार वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. हे मृत्युपत्र त्यासाठीच आहे. बाकीची कलमे आपली रीत म्हणून.

कलम १. वरचा मजला सुजितने स्वतः बांधला, तो त्याचाच. खालचे घर मारुतरावांनी आणि मी दूध विकून बांधले, ते दोघांना निम्मे निम्मे. मधे भिंत घालू नये. घातल्यास स्वयंपाकघर कोणाकडेच येत नाही, हे मी टेप लावून मोजले आहे.

कलम २. सोन्याच्या दोन पाटल्या दोन्ही सुनांना एकेक. दोन्हींचे वजन सारखे आहे. सराफाची चिठ्ठी डब्यातच ठेवली आहे, कारण मी सुनांना ओळखते.

कलम ३. दुधाची चरवी आणि मापे कोणालाही नकोत, हे मला माहीत आहे. दोन्ही घरी दूध मोबाइलवरून मागवतात आणि पहाटे कोणीतरी दाराला पिशवी अडकवून जातो. त्याचे तोंड आजवर कोणी पाहिलेले नाही. मी वीस वर्षे दूध घातले, तेव्हा कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते मला डॉक्टरच्या आधी कळायचे. चरवी मोडीत घालू नये, तीत तुळस लावावी.

कलम ४. गणराजने दिलेला बोलणारा डबा. याला काही विचारले की हा आधी "माफ करा, मला समजलं नाही" म्हणतो. आमच्या घराण्यात इतक्या वेळा माफी कोणीच मागितलेली नाही. हा डबा दोन्ही मुलांनी सहा-सहा महिने आळीपाळीने ठेवावा आणि त्याच्याकडून शिकावे.

कलम ५. भांडणाचे कारण, म्हणजे पुढे कोणी पदरचे घालायला नको. सुजितने वरच्या मजल्याची वास्तुशांत काढली. मोबाइलवर पत्रिका न पाठवता, नवी टोपी घालून, अक्षता घेऊन तो बायकोसह वाकडला भावाला आमंत्रण द्यायला गेला. गेटवरच्या वॉचमनने रीतीप्रमाणे मोबाइलच्या अ‍ॅपवरून वर विचारले. वरून नकार आला. सुजितने पुन्हा विचारायला लावले, पुन्हा नकार. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, आणि माझा लेक अक्षता खिशात घालून परत आला.

"आये, सख्ख्या भावानं मला गेटावरनं माघारी धाडलं. आता त्येच्या दारात पाय ठेवनार न्हाई," असे तो म्हणाला.

मी गणराजला फोन केला. तो म्हणाला, "आई, मी मीटिंगमध्ये होतो. दिवसाला दहा डिलिव्हरीवाले येतात. न बघताच लाल बटण दाबलं."

"मग हे त्याला सांग की."

"त्याने आधी मला विचारायला हवं होतं. थेट घरचा ग्रुप सोडून गेला!"

मी हे सुजितला सांगितले, तर तो म्हणतो, "त्येच्या तोंडानं सांगू दे." तेव्हापासून गणराज मोशीला आला की सुजितला नेमका ओव्हरटाइम लागतो. दिवाळीचा फराळ मी दोनदा मांडते. मला याचा फार त्रास होतो, हे मी येथे स्पष्ट लिहिते.

कलम ६. माझा भाऊ उद्धवराव गेल्या वर्षी वारला. त्याच्या दहाव्याला पुतळ्याच्या उद्घाटनासारखी गर्दी होती. व्हिडिओवाला बंटी ड्रोन घेऊन आला होता. वाढदिवस, साखरपुडा आणि दशक्रिया असे त्याचे एकच पॅकेज आहे. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. लोक म्हणाले, उद्धवरावांची इच्छा राहिली. मग एकेकाने हात जोडून कबुल्या द्यायला सुरुवात केली. पुतण्याने दारू सोडली. सुनेने कुत्रे बाहेर बांधायचे कबूल केले. कावळे झाडावर बसून वर बघत होते, कारण पिंडाच्या डोक्यावर ड्रोन भणभणत होता. हे फक्त माझ्या लक्षात आले.

तासाभराने उद्धवरावांचा मुलगा, माझा भाचा रविराज रडकुंडीला येऊन म्हणाला, "आप्पा, जयमालाची हक्कसोडीवर सही घेनार न्हाई. तिचा वाटा तिला देतो." त्याच वेळी बॅटरी संपली म्हणून बंटीने ड्रोन खाली घेतला, आणि कावळा आला. अख्ख्या घाटाने डोळे पुसले. मी गप्प बसले, कारण भाचीचे, जयमालाचे, काम झाले होते. रविराजने तो शब्द पाळला, हे त्याच्याबद्दल सांगितले पाहिजे.

कलम ७. सबब माझ्या दहाव्याला ड्रोन उडवावा. सुजितची लेक दिव्या हिने ड्रोनचे रीतसर लायसन काढले आहे, ती शेतांवर औषध फवारते. तिला मी सहा बॅटऱ्या घेऊन दिल्या आहेत. गणराज "माझं चुकलं" म्हणेल आणि सुजित त्याला "चल घरी" म्हणेल, तोवर ड्रोन उतरवू नये. कोणी उपास, देणगी, गाडी विकणे वगैरे कबूल केले तर तिकडे लक्ष देऊ नये. गच्चीवर भाताचा गोळा ठेवून आम्ही तीनदा चाचणी घेतली. कावळा एकदाही फिरकला नाही.

दिव्या म्हणाली, "आज्जी, ही फसवणूक आहे."

मी म्हणाले, "व्हय. पन कावळ्याचीच हाय की."

हे मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडावे, म्हणजे दिलेला शब्द मागे घेता येणार नाही.

कलम ८. इथवर लिहून मी दोन दिवस थांबले. सगळी व्यवस्था चोख झाली आणि मग लक्षात आले, की त्या वेळी मी नसेन. ज्या शब्दासाठी मी चार वर्षे कान लावून बसले आहे, तो मंडपवाला ऐकेल, बंटी ऐकेल, मी ऐकणार नाही. हे मला चालणार नाही.

म्हणून सहीच्या दिवशी दोघांनाही बोलावले आहे. गणराजला सांगितले, छातीत दुखतेय. सुजितला सांगितले, गणराज येणार नाही. दिव्या हे सर्व मोठ्याने वाचेल. त्यावरही तोंडे उघडली नाहीत तर कलम ७ कायम राहील. बॅटऱ्या चार्ज आहेत.

ठिकाण: मोशी
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५, रविवार

लिहून देणार: शालनबाई मारुतराव बोराटे (सही)

साक्षीदार १: जयमाला, उद्धवरावांची मुलगी (सही). कलम ६ मधील ड्रोनची हकीकत मला आजच कळली. मिळालेला वाटा परत करणार नाही.

साक्षीदार २: अर्जुनराव, शेजारी. बाईंनी आमच्या समक्ष शुद्धीवर असताना सही केली. वाचन संपल्यावर गणराज हे थेट सुजित यांना म्हणाले, "बटण चुकून दाबलं रे." त्यावर सुजित म्हणाले, "मग चार वरसं तोंडात गुळनी धरली होती का?" तेव्हापासून दोघांत मोठ्या आवाजात भांडण जुंपले असून हे लिहीपर्यंत चालू आहे. मी सोडवायला उठलो असता बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवले व म्हणाल्या, "भांडू द्या, अर्जुनराव. मला ऐकू द्या."
(सही)