नांदूरघाटचे अकरा ओढणारे

१ मार्च १९८८, सकाळी ८
बीडहून संपादकांचं पत्र. ७ एप्रिलला जगभर सिगारेट न ओढण्याचा दिवस पाळणार आहेत म्हणे. आपल्या गावात किती माणसं सिगारेट ओढतात आणि कशामुळे, यावर लेख हवा. संस्कृत घेऊन बी. ए. झालेला वार्ताहर गावात मी एकटाच, तेव्हा निवड योग्य. पण असं लिहिणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. आजपासून बंद. संकल्पाला हातावरून पाणी सोडावं लागतं. टँकर आला नव्हता. कोरडाच संकल्प केला.

त्याच दिवशी, दुपारी
मुंजाजीला सांगितलं. हा आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी आणि माझा वीस वर्षांपासूनचा मित्र. आम्ही दोघं मिळून एक सिगारेट ओढतो. आधी अर्धी मी, उरलेली तो. तो खोकत खोकत हसला. म्हणाला, पंडित, तू सोडनार? मग माझी अर्धी कोन पेटवनार बे?
मुद्दा रास्त होता. पेटवली. कोरडा संकल्प तसाही बंधनकारक नसतो.

४ मार्च
मोजणीची पद्धत सापडली. सोसायटीची मासिक सभा! जनावरं चारा छावणीत, दुधाचा थेंब नाही. सभा मात्र होते. चेअरमन माणिकराव ठराव वाचतात आणि तबक फिरतं. पान, सुपारी, सिगारेट. सिगारेट उचलली की ठराव मंजूर. उचलणारे अकरा. त्यातल्या तिघांनी ती उलट्या, फिल्टरच्या बाजूने पेटवली, पण चेअरमनच्या विरोधात कोण बसणार? मीही उचलली, निरीक्षक म्हणून. निरीक्षकाला मोजत नाहीत.
मुंजाजीने तबक तसंच पुढे जाऊ दिलं. माणिकराव म्हणाले, काय सेक्रेटरी, आमच्यावर नाराज हाय जनू? मुंजाजीने हात लांब करून एक घेतली. अकरावा तो.

९ मार्च
मुंजाजीला घेऊन केजला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. परतताना जीपमध्ये त्याची बायको भिवराबाई म्हणाली, भावजी, तुमच्या पाया पडते, ह्यांला आता एक बी देऊ नका. शब्द दिला. एकही देणार नाही.

११ मार्च
अर्धी दिली. अर्धी म्हणजे एक नव्हे.

१४ मार्च
लेखासाठी कारणं गोळा केली. रोजगार हमीच्या कामावर भूक मरते म्हणून. टँकरची वाट बघताना वेळ जात नाही म्हणून. चार लोकांत बिडी काढायची लाज वाटते म्हणून. मुंजाजी बाजेवर पडून होता. त्यालाही विचारलं, तुला कशामुळे लागली? म्हणाला, कामून इचारतो? अंबाजोगाईच्या बोर्डिंगात तूच दिलती की. मला लई ठसका लागला, तर तू म्हनला, व्हईल सवय.
चौथं कारण लिहिलं: संगत. कोणाची, ते छापायची गरज नाही.

२२ मार्च, संध्याकाळी ५
अंबाजोगाईचा दवाखाना. मुंजाजीला आवाज उरलेला नाही. माझ्याकडे बघून दोन बोटं ओठांशी नेली. भिवराबाईच म्हणाली, द्या भावजी, आता काय ऱ्हायलंय, वास तरी घिऊ द्या. मी नाही म्हणालो. दिलेला शब्द म्हणजे शब्द. मुंजाजीने बोटं खाली घेतली.
या लेखामुळे माझ्या अंगी निग्रह आला, हे मान्य केलं पाहिजे.

२४ मार्च
मुंजाजी गेला.

२ एप्रिल
दहावा. नदीचं पात्र कोरडं, म्हणून टँकरच्या पाण्याची घागर नेली. पिंडाशेजारी मी अर्धी सिगारेट ठेवली. कावळा शिवेना. माणिकराव मोठ्याने म्हणाले, सेक्रेटरी, घरच्यांकडं सोसायटी बघंल. कावळा फिरकला नाही. मग भिवराबाई म्हणाली, भावजी, त्यांचा जीव तुमच्यात हाय. तुमी बोला.
हातावर पाणी घेतलं. म्हणालो, मुंजा, मी सोडली. पाणी सोडलं. सगळे बाभळीकडे बघत राहिले. तास गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. भिवराबाई माझ्याकडे न बघता उठली.
माझ्या शब्दाचा यात काही संबंध नाही. पाण्यावाचून कावळेच गाव सोडून गेलेत. त्यावर स्वतंत्र बातमी पाठवावी.

७ एप्रिल
लेख छापून आला. ‘नांदूरघाटात सिगारेट ओढणारे अकरा.’ वाचल्यावर लक्षात आलं, आकडा चुकला. मुंजाजी गेला, म्हणजे दहा. संपादकांना दुरुस्ती कळवायला सोसायटीच्या ओट्यावर कार्ड घेऊन बसलो. मजकूर नीट सुचावा म्हणून एक पेटवली. अर्धी झाल्यावर सवयीने हात बाजूला धरला.
बराच वेळ धरून होतो. बोट भाजलं. राहिलेली मीच ओढली.
कार्ड टाकलं नाही. अकराच बरोबर आहे.