लेट ब्रदर

धुळे, सोमवार, १२ मार्च १९३४

धाकटा भाऊ रामा जळगावहून सकाळच्या गाडीने यायचा होता, आलाच नाही. उद्या त्याला शोधायला जायचं म्हणून कचेरीत रजेचा इंग्रजी अर्ज लिहिला. भावाला उशीर झाला, म्हणून ‘माय लेट ब्रदर’.

हेडक्लार्क नाना म्हणाले, “अहो, याचा अर्थ मयत भाऊ. खोडा ते.”

कसं लिहिलं मी हे? तीनच्या ठोक्याला ‘लेट’ खोडलं. तरी शाईखालून वाचता येत होतं.

दिवेलागणीला रामा आला. हात सोललेला.

“चाळीसगावले गाडी बदलतांना पाय घसरना, दादा. गाडी येत व्हती. मांगून कोनीतरी वढं. वळीसन दखं, तं कोनीच नव्हतं.”

“किती वाजता?”

“तीनना सुमारले.”

अर्जाचं त्याला सांगितलं नाही. तो जेवतो आहे. मला मात्र त्याच्या शेजारच्या पाटावर बसवत नाही.