हजर नऊ

बाबा, काल शिक्षण खात्यातली एक मुलगी माझ्याकडे येऊन गेली. मी तिला मुलगी म्हणते, पण चांगली मोठी अधिकारी आहे; एकेकाळी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. कमी पटाच्या शाळांची यादी घेऊन आली होती. त्या शाळा बंद करून मुलांना जवळच्या मोठ्या गावात पाठवायचं चाललंय, समितीपुढे मांडायचंय, तेव्हा मॅडम, एकदा नजर टाका, म्हणाली. यादीत आपला जिल्हा होता. मी विचारलं, "आकडे कुठून आणलेस?" ती अभिमानाने म्हणाली, "खरे आहेत मॅडम. मी स्वतः गावोगाव फिरून मोजलेत." "कोणत्या महिन्यात?" "डिसेंबरमध्ये." मी तिला चहासुद्धा विचारला नाही. म्हटलं, कापूस फुटलेला असताना यवतमाळात पोरं मोजायला जातेस आणि वर माझी विद्यार्थिनी म्हणवतेस? ती रडवेली होऊन गेली. दार लावल्यावर लक्षात आलं की माझा आवाज तिच्यावर चढलाच नव्हता. तो तुमच्यावर चढला होता. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे, हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर होता. गावोगावचे मास्तर तुम्हाला दिपोटी म्हणत, आणि दिपोटी येणार म्हटलं की घाटंजीच्या आसपासच्या सगळ्या एकशिक्षकी शाळांना ताप भरत असे. पट ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की शाळा जायची, म्हणून शेजारच्या गावातून मुलं उसनी आणायची पद्धत होती. बैलगाडीत भरून आणायची, गूळ-फुटाणे द्यायचे, आणि नाव विचारलं तर गैरहजर मुलाचं सांगायचं. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. जेवताना तुम्ही आम्हाला हसवायचा: एक मोठ्या भावाचा सदरा घातलेली पोरगी तुम्हाला एकाच आठवड्यात तीन शाळांत भेटली, तिसऱ्या वेळी तुम्ही तिला म्हणालात, "बाई, तू फार शिकतेस, थोडी दमाने घे." आई म्हणायची, "मग लिहा ना तसं." तुम्ही म्हणायचा, "लिहिलं तर शाळा जाईल." त्या वेळी मला तुमचा अभिमान वाटायचा. डोळे कधी मिटायचे हे ज्याला कळतं तो मोठा माणूस, असं मला वाटायचं.

मी तेव्हा नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होते. आमच्या शाळेला नाताळात मोठी सुट्टी आणि गावोगावच्या शाळा मात्र चालू, म्हणून तुम्ही मला दौऱ्यावर न्यायचा. आपण मुंबई राज्यात गेलो त्याच वर्षीचा, छप्पन सालचा, तो डिसेंबर. आई कुरकुरत होती, "अवो, पोरीले कायले नेता थंडीवाऱ्यात?" आणि कुरकुरतच शिदोरी बांधत होती. दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, तुमच्या शेजारी मी बसले आहे, पायात कॉन्व्हेंटचे काळे बूट, दोन्ही बाजूंना कापसाने पांढरं झालेलं रान. नाल्यापलीकडे ते गाव. शाळा म्हणजे एक खोली, शेणाने सारवलेली, आणि दारात उभे मास्तर. तरुण, सडपातळ, सदरा स्वच्छ धुतलेला. आत नऊ मुलं. पटावर त्याच्या तिप्पट.

तुम्ही हजेरी पुढे ओढलीत आणि गंमतीने म्हणालात, "काय मास्तर, या वर्षी पाहुणे नाही आणले?" मास्तर हसले नाहीत. "नाही साहेब. मागच्या साली आनले होते, तुमाले मालूम आहे. पन दसऱ्याले नागपूरले गेलतो, दीक्षा घेतली. खोटं बोलाचं नाही म्हून कबूल करून आलो. आता पोरं खोटे कसे दाखवू?" मी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. मग म्हणालात, "शाबास, मास्तर," आणि शेरेबुकात लिहिलंत: पटावर सत्तावीस, हजर नऊ.

ते शाबास मला आयुष्यभर टोचलं. त्या तालुक्यातल्या यच्चयावत मास्तरांनी तुम्हाला उसनी पोरं दाखवली, आणि तुम्ही डोळे मिटून त्यांच्या शाळा वाचवल्यात. ज्या एकाने खरं दाखवलं, त्याच्यापुढे मात्र तुम्हाला नियम आठवला. खोट्याच्या बाजूला तुमची दया आणि खऱ्याच्या बाजूला तुमचा कायदा, ही वाटणी तुम्हाला कुणी शिकवली होती? तुमचंही बरोबर होतं म्हणतील लोक. दुसरे खोटं सांगत तेव्हा खोट्याची जबाबदारी त्यांची होती, तुम्ही नुसते ऐकणारे. या माणसाने खरं सांगून जबाबदारी तुमच्या मांडीवर आणून ठेवली. ती तुम्हाला जड झाली.

त्या नवांत चौथीतली एक मुलगी होती, माझ्याएवढीच. तुम्ही आत मुलांना गणित घालत होता तेव्हा ती पाणी प्यायला बाहेर आली आणि माझ्या बुटांकडे पाहत उभी राहिली. मी विचारलं, बाकीची मुलं कुठे? तिने हाताने रान दाखवलं. "बंदे वेचनीले गेले. संक्रांतीपावतर कापूस सरते, मंग येते. मी बी जाऊन राह्यली होती, पन मास्तर मने, तुही परीक्षा आहे, तू बस." मग जरा थांबून म्हणाली, "तुह्या बापाले सांग ना."

मी सांगितलं. परतताना दमणीत सांगितलं, की मुलं आहेत बाबा, कापसात आहेत. तुम्ही न पाहताच म्हणालात, "कापसातली मुलं हजेरीत येत नाहीत. मोठ्यांच्या कामात बोलू नये." मी गप्प बसले. इतकी गप्प, की बैलांच्या घुंगरांचा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटंजीच्या डाक बंगल्याच्या व्हरांड्यात तुम्ही मला बोलावलंत. रुसवा काढायची तुमची ती रीत होती, माफी कधी मागायची नाही, काम द्यायचं. तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे, म्हणून इंग्रजी अहवालाचं कच्चं पान माझ्यापुढे ठेवलंत, खात्याचे तीन कोरे कागद मोजून दिलेत, आणि तुमचा ऑफिसातला शिसवी रूळ काढून म्हणालात, "हा आता तुझा. सिस्टरांनी शिकवलंय तसं लिहून दे." आमच्या सिस्टर अक्षराच्या बाबतीत निर्दय होत्या. समास सारखा, खाडाखोड नाही, पान संपेल तिथे वाक्य संपलं पाहिजे. दोन ओळींसाठी नवं पान घेणारी मुलगी त्यांच्या मते पुढे संसारही असाच पसरून करणार. दोन कागद माझ्याकडून शाईच्या ठिपक्यांनी बिघडले. तिसरा उतरला. तुम्ही तो हातभर दूर धरलात, मान डोलावलीत आणि खाली सही केलीत.

मेच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा मास्तर आपल्या अंगणात बसले होते, हातात बदलीचा कागद. शाळा बंद, मास्तर लांब ढाणकीच्या बाजूला. आईने त्यांना वेगळ्या पेल्यात चहा दिला. तेही तुम्ही पाहिलंत, त्यावर शेरा मारला नाहीत. मी आत खिडकीपाशी कैऱ्या चिरत होते. तुम्ही म्हणालात, "मास्तर, मी अहवालात लिहिलं होतं. वेचणीचा हंगाम आहे, फेब्रुवारीत पुन्हा तपासणी करावी, तोवर निर्णय घेऊ नये. शेवटी स्पष्ट लिहिलं होतं. वर ऐकलं नाही त्यांनी." मास्तर म्हणाले, "तुमचा काय दोष, साहेब. मीनं खरं दाखोलं, तुमी खरं लिवलं." आणि उठून नमस्कार करून गेले. पेला त्यांनी स्वतः विसळून ठेवला.

वर ऐकलं नाही. बाबा, हे तीन शब्द मी तुमच्याकडून घेतले आणि त्यांच्यावर आयुष्य काढलं. वर म्हणजे कुठे? कोण? कुठल्या खुर्चीत? राज्यशास्त्र घेतलं, नागपूरला शिकले, शिकवलं, कार्यकारी सत्ता आणि शिक्षणाचं धोरण यांवर प्रबंध लिहिला. विभागातले पुरुष हसायचे. "राज्यशास्त्र म्हणजे संसद, मंत्रिमंडळ, राज्यपाल. बाई, तुम्ही शाळेची हजेरी काय घेऊन बसलात?" मी म्हणायची, राज्यपाल कुणाच्या दारात येत नाहीत सर, दिपोटी येतो. माझं म्हणणं साधं होतं: सत्ता कायद्यात कमी आणि शेऱ्यात जास्त असते, आणि माणसं सही करतात तेव्हा वाचत नाहीत. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साठच्या दशकाच्या अखेरीला, जिल्हा परिषद येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा मी एम. ए.च्या कामासाठी घाटंजीत हिंडत होते. आठवडी बाजारात एक बाई मिरच्या विकत होती, कडेवर मूल. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तू दिपोटीची पोरगी नाही का वो? बूटवाली?" तीच ती. तिची चौथीची परीक्षा झालीच नव्हती. दुसरी शाळा नाल्यापलीकडे, तिथे मुलीला कोण पाठवतं. मिरच्या पदरात टाकता टाकता तिने विचारलं, "काहून बंद केली वो आमची शाळा? मास्तर तं खरं बोलले होते." मी म्हटलं, "वरून आदेश आला." ती म्हणाली, "हो का," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. एवढ्या शिक्षणानंतर माझ्याकडे तिला द्यायला तुमचंच उत्तर होतं.

त्याच महिन्यात यवतमाळच्या दप्तरखान्यात ती फाइल निघाली. माझे मार्गदर्शक सोबत होते. त्यांनी अहवाल उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "दिपोटीचं अक्षर काय सुंदर आहे हो." मी प्रबंधात तळटीप दिली: एका तपासणी अधिकाऱ्याचा अहवाल.

तुमच्यावर माझा खरा राग कशाचा आहे, तो आता सांगते. तुम्ही कधी वर गेला नाहीत. एकदाही यवतमाळला जाऊन टेबलावर हात आपटून म्हणाला नाहीत, की मी शिफारस केली होती, दाखवा माझा कागद. तुमच्या स्वाभिमानाला ते मानवलं नसतं. तुम्ही घरात बसून वरच्यांना दोष देत राहिलात, निवृत्त झालात, आणि तसेच गेलात. मी वाट पाहत होते बाबा. त्या मेपासून रोज. तुम्ही गेला असतात तर त्यांनी कागद काढला असता, आणि त्या कागदावर तुमची शेवटची ओळ नाही हे तुम्हाला दिसलं असतं. पान हजर नवावर संपतं. समास सारखा, खाडाखोड नाही.

कच्च्या पानावर ती ओळ होती. दमणीत मला गप्प केलंत, पण रात्रीतून तुम्ही ती घातली होती. माझं ऐकून घातली होती, हे मला व्हरांड्यातच कळलं होतं आणि आनंदही झाला होता. मग पान संपलं. तीन कागद संपले होते. चौथा मागायचा म्हणजे दोन बिघडवले हे सांगणं आलं, आणि तुम्ही आत कुणाशी तरी बोलत होता. मी पूर्णविराम दिला. आणि तुम्ही, बाबा, तुम्ही अक्षर पाहिलंत, मजकूर पाहिला नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती एक शाळा दिलीत आणि वाचून घेतलं नाहीत. याची मी तुम्हाला माफी देणार नाही. पण वर्गात मी तीस वर्षं फक्त सही करणाऱ्याला झोडपलं, नक्कल करणाऱ्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

आज सकाळी त्या मुलीला फोन केला. काल फार बोलले म्हटलं. यादीखाली एक ओळ घाल: वेचणीचा हंगाम, फेब्रुवारीत पुन्हा मोजावं, तोवर निर्णय नको. ती म्हणाली, "मॅडम, नमुना एका पानाचाच ठरलाय. बसणार नाही." म्हटलं, दुसरं पान घे. तिने विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? मी सांगितलं, माझे वडील दिपोटी होते, ते ही ओळ लिहायचे. एवढंच सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. हा कागद तुमच्या त्या शिसवी रुळाखाली ठेवते आहे; तुम्हाला तो पोचणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच इतकं लिहू शकले.