मिठाचं तळं विकायला ठेवलं तो हिवाळा

३ जून
बटण दाबलं! फेतू म्हणाला, "मेर, तू दाब, चित्रं तुझी." मी म्हटलं, तू दाब, बाकी सगळं तुझं. शेवटी माझं बोट आणि त्यावर त्याचा अंगठा. सहा वर्षं — आणि आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ 'मिठाचं तळं' ऑनलाइन दुकानात लागला. एक म्हातारी, तिची खटारा व्हॅन आणि मेलबर्नपासून लांब, मॅलीच्या माळावरचं गुलाबी तळं. तिला पलीकडे न्यायचं, बस्स. बंदूक नाही, शत्रू नाही.

तळलेले, सारण भरलेले डिम सिम आणून खाल्ले. फेतूनं आईला फोन लावला तर ती सामोअन भाषेत प्रार्थनाच म्हणायला लागली. आम्ही दोघं माना खाली घालून उभे — तोंडात घास!

५ जून
एका बड्या अमेरिकन कंपनीनं काल न सांगता-सवरता आपला नवा खेळ सोडला. दुकानाचं पहिलं पान अख्खं त्याचंच. आमचं तळं शोधायला मलाच नाव टाइप करावं लागलं.

फेतू म्हणतो, "समुद्रात थेंब टाकलाय आपण. तोही खारट." हसले. घरी येताना ट्राममध्ये मात्र हसू येईना.

१४ जून
कुणीतरी अभिप्राय लिहिलाय. "एका बैठकीत संपवला. आजी आठवली. खूप रडलो. मग पैसे परत मागितले."

दुकानाचा नियमच आहे, थोडा वेळ खेळून खेळ परत करता येतो. आमचा खेळच तेवढ्यात संपतो! लोक रडतात आणि परत करतात. फेतू म्हणाला, "मग आमचं रडूही परत द्या म्हणावं." आज त्यालाही हसू आलं नाही.

२ जुलै
फुट्सक्रेची खोली सोडली. खाली नळदुरुस्तीवाला, वर आमची 'कंपनी'. कंपनी म्हणजे दोन टेबलं आणि एक हीटर. हीटर नळदुरुस्तीवाल्याला दिला. तो म्हणाला, "तुमचा तो खेळ — माझ्या बायकोला फार आवडला हो." मी पटकन बाहेर पडले.

९ जुलै
फेतूला नोकरी लागली. कुठे, तर पोकी बनवणाऱ्या कंपनीत. क्लबात, दारूच्या गुत्त्यात भिंतीला लागून उभी असतात ती जुगाराची मशिनं. माझा फेतू आता त्यांची चाकं फिरवणार!

"मेर, मला दोन पोरी आहेत."
"माझ्या आईला घर होतं."
"मला माहीत नाही का ते? दुसरं काय करू, सांग. सांग ना!"

म्हटलं, तिथे गेलास तर आपलं संपलं. तो उठला आणि गेला. कॉफी तशीच.

११ जुलै
आईला सांगितलं. ती भोपळा सोलत होती. म्हणाली, "पोरगा चांगला आहे." एवढंच!

ती हे म्हणते? डँडेनाँगच्या क्लबात, असल्याच मशिनांत तिनं बाबांमागे राहिलेलं सगळं घातलं. मी शाळेतून आले तर आमच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप आणि माझी गादी फुटपाथवर. आता बरीच वर्षं झाली, ती त्या रस्त्यानंही जात नाही. पण तिनं तरी माझ्या बाजूनं बोलायला हवं होतं.

२८ जुलै
फेतूचा वाढदिवस. फोन केला नाही.

१२ ऑगस्ट
मेलबर्नमधल्या सगळ्या खेळ-कंपन्यांना विचारून झालं. कुठे माणसं काढतायत, कुठे दारच बंद. एक बाई म्हणाली, "तुमचं तळं मी खेळलेय. अप्रतिम!" आणि पुढच्याच वाक्यात, "सॉरी."

सुपरमार्केटात फळ्यांवर माल लावते. टोमॅटोचे डबे, मटारचे डबे. हात दुखत नाहीत. रिकामे वाटतात — तेच सोसवत नाही. पेन धरूनसुद्धा किती दिवस झाले.

२० ऑगस्ट
पोकी कंपनीतून फोन. चित्र-विभागाचा प्रमुख. "फेतूनं रुजू झाला त्याच आठवड्यात तुमचं नाव दिलं होतं. आता जागा निघालीये."

ताडकन 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "विचार करून सांगते." माझीच मला भीती वाटली.

२७ ऑगस्ट
हो म्हटलं.

आईला सांगताना तिच्याकडे बघवेना. नळ चालू करून पाठमोरीच बोलले. वाटलं, ओरडेल, रडेल. ती म्हणाली, "मेरिन, चित्रं चांगली काढ."

"म्हणजे?"

"डॉल्फिन असायचे गं त्या मशिनवर. निळ्या पाण्यात. तुझे बाबा गेल्यावर घरात बसवायचं नाही, मग त्यांच्याकडे बघत बसायचे. जिंकायचं बिंकायचं काही नव्हतं."

मला हे कधीच माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

फेतूला फोन लावला. उचलला नाही. बरोबरच आहे. सोमवारी समोरासमोरच माफी मागेन.

२ सप्टेंबर
पहिला दिवस. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, फेतू कुठे बसतो?

"तो? शुक्रवारी सोडून गेला की. दुसरी नोकरी नाही, काही नाही, वेडाच आहे! म्हणाला, मेरचं बरोबर होतं." मग माझ्याकडे वळून, "ही मेर कोण? तू ओळखतेस?"

नाही म्हणाले.