दिवेलागणीनंतरचे पाणी

मी कौशल्याबाई, कै. उत्तमराव पाटील यांची पत्नी, राहणार मौजे पिंपळडोह, पातूरजवळ, जिल्हा अकोला, हा कागद कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने लिहीत आहे. छाती दुखते, डोके शाबूत आहे. कोणास शंका असेल त्याने मी जिवंत आहे तोवर येऊन खात्री करावी, मागून कुजबुजू नये. लहानपणी रिद्धपूरच्या मठात अक्षर शिकले, त्यामुळे मजकूरही माझ्याच हातचा आहे.

१. राहते घर आणि पाटीलकीची शेते पतीमागे मुलगा खुशालराव याच्याकडे गेलीच आहेत. त्यावर माझे काही म्हणणे नाही. खाली फक्त माझे स्वतःचे वाटले आहे.

२. पितळी हंडा माझी जाऊ पार्वताबाई हिला. तो लग्नकार्यासाठी म्हणून तिने नेला आणि तिच्याकडेच राहिला. आता तिचाच समजावा. मागणे सोडले आहे, विसरले नाही.

३. माझ्या वाट्याचा कापूस माडीवर पडून आहे. भाव आणखी चढेल म्हणून खुशालरावाने विकू दिला नाही. तिकडे अमेरिकेतली लढाई मिटली आणि भाव कोसळला. त्या कापसाच्या गाद्या भरून पातूरच्या धर्मशाळेत द्याव्यात. एक खुशालरावाला द्यावी. झोप लागली तर बरेच.

४. डोहाकाठचे कुरण आणि त्यातला डोह. हे माझ्या वडिलांनी मला आंदण दिलेले आहे, आणि मुख्यतः त्याच्यासाठीच हा कागद.

या गावची रीत अशी, की दिवेलागणीनंतर डोहावर घागर जायची नाही, गुरे जायची नाहीत. ती वेळ रोह्यांची म्हणजे नीलगाईंची, हरणांची, कधी बिबट्याची. दुष्काळाच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या बाजारातून आमचे बैल अंधार पडता पडता आले. डोह वाटेवरच होता. उत्तमरावांनी त्यांना तहानलेलेच घरी आणले आणि स्वतः मोट ओढून विहिरीचे पाणी पाजले. गावाला त्यांनी रीत कधी सांगितली नाही. गावाने ती पाहिली. पाटीलकी मी एवढीच समजते.

रानाला मी देव मानत नाही. बिबट्याने आमची वासरे नेली आहेत. पण त्याचे पिऊन झाल्यावर तो पाणी अडवून बसलेला मी पाहिला नाही. ते माणसातच पाहिले, आणि पोटच्या पोरात पाहिले.

मी रिद्धपूरला गेले असताना खुशालरावाने माझे कुरण नांगरून कापूस पेरला आणि डोहासकट बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. परतले तेव्हा एक गाभण रोही त्यात अडकून मेली होती. मी विचारले तर म्हणतो, "आई, रोह्याइले पाणी पाजाले का मी पाटील झालो?"

मी म्हटले, "मंग कायच्यासाठी झाला? पोळ्यात आपले बैल पुढं काढाले?"

मी कुंपण काढायला लावले. त्याने पुन्हा घातले. आता त्याच्या धाकाने गावात कोणी काट्याला हात लावत नाही.

या चैत्रात ताहेर गाडीवान खुशालरावाचाच कापूस भरून निघाला होता. भर उन्हात त्याचा बैल कुंपणापाशी बसला. राखणदाराने पाणी दिले नाही. खुशालराव तिथेच उभा होता. ताहेर म्हणाला, "पाटील, कापूस तुमचा, बैल माहा. पाणी कोनाचं?"

तेव्हा माझी सून जमुना घागर घेऊन घरातून निघाली आणि काट्यांतून वाट काढून डोहात उतरली. तिचे लुगडे फाटले. खुशालराव ओरडला, "पाटलाची बायको गाडीवानाच्या बैलाले पाणी पाजते?"

ती म्हणाली, "पाटलानं पाजलं असतं तं मले काहून यावं लागलं असतं?"

बैल उठला. सारा गाव पाहत होता आणि कोणी हसले नाही.

म्हणून कुरण आणि डोह मी जमुनाला देत आहे. तेथे पुन्हा गवत होऊ द्यावे. दिवसा वाटसरूला व गुरांना मनाई नसावी. दिवेलागणीनंतर जमुनानेही जाऊ नये. तिच्यामागे हे कोणास द्यायचे ते तिने ठरवावे. पाटलाच्या घरी जन्म घेतला, एवढ्यावर देऊ नये.

५. उत्तमरावांचा नांगर खुशालरावास. त्याच नांगराने कुरण फाडले. तो माझ्या नजरेसमोर नको.

६. माझे प्रेत उचलण्याआधी कुंपण निघाले पाहिजे. खुशालरावाने ते स्वतःच्या हाताने काढले, तर अग्नी त्यानेच द्यावा. मजूर लावले, तर माझा भाऊ वामनराव देईल. लोक काय म्हणतील याची काळजी मी करत नाही, त्याने करावी.

मौजे पिंपळडोह, वैशाख वद्य पंचमी, शके १७८७.

सही माझ्या हातची, अक्षर न येणाऱ्या बाईची बांगडीची निशाणी नव्हे: कौशल्याबाई

साक्ष: वामनराव, राहणार अमरावती. सही.

साक्ष: ताहेर गाडीवान, राहणार पातूर. निशाणी चाकाची.

पाटलाची साक्ष, निशाणी नांगराची: जागा सोडली आहे. कुंपण काढल्यावर करावी. काट्यांनी हात फाटलेला असेल. वाकडी आली तरी चालेल.