एकाच पानावर लिहिलेली नावे

मी, श्रीमती कोकिळा जीवन पारधे, वय ६९, धर्म ख्रिस्ती, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, राहणार बुधवारा, बुऱ्हाणपूर, आज डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, स्वतःच्या हाताने हे लिहिते. दोन्ही मूत्रपिंडे कामातून गेली आहेत. डॉक्टर आता पुढच्या महिन्याचे बोलत नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बुधवाऱ्यातील दोन खोल्यांचे घर माझे यजमान, कागद कारखान्यातील मजूर, कै. जीवन यांनी माझ्या नावावर घेतले. ते मी मुलगी ज्योती हिला देते. अट एकच. मागची खोली गिरधर उपदेशकाची बायको रंजिता हिला, तो तुरुंगातून सुटेपर्यंत बिनभाड्याने राहू द्यावी. किती वर्षे, ते मी लिहू शकत नाही.

२. मुलगा अजय यास घरात हिस्सा नाही. तो आमच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीत आहे. चर्चच्या रस्त्याकडच्या जागेवर दुकाने काढायची ठरले, तेव्हा एक गाळा त्याला कबूल झाला. तो त्याला लखलाभ. त्याच्या वडिलांचे घड्याळ आणि मोठ्या अक्षरांचे बायबल त्याला द्यावे. बायबल घेतो की नाही ते त्याच्यावर.

३. हे कलम मालमत्तेचे नाही. गिरधरची केस चालवणारे पंडित वकील म्हणाले, "आजी, वसीयत में ये सब लिखने से केस में कुछ नहीं होगा." मी म्हटले, नसेल होत. तरी लिहिते.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत मी माझ्या भिशीच्या पैशांतून बावीस ब्लँकेटे घेतली आणि गिरधरबरोबर खकनारकडच्या जंगलातल्या एका वस्तीत वाटली. मंडळीची वही माझ्याकडे असे; कोणाला दिले त्यांची नावे तिच्यात डाव्या बाजूला लिहिली, वर तारीख घातली. उजवी बाजू कोरी राहिली. सव्वा वर्षाने त्याच वस्तीतल्या सात जणांनी आपण होऊन बाप्तिस्मा मागितला. पाने उलटताना मला ती कोरी बाजू दिसली. कागद वाया घालवणे मला जन्मात जमले नाही. सातही नावे तिथेच लिहिली, आणि वर तारीख आहेच म्हणून दुसरी घातली नाही. चार नावे दोन्हीकडे आली.

त्याच सुमारास मंडळीत भांडण पेटले. गिरधरचे म्हणणे, वस्तीतल्या तीस घरांना सभासद करा. ती झाली असती तर मतदानात कमिटी पडली असती आणि दुकाने बारगळली असती. दिल्लीत मतांसाठी काय चालते ते आम्ही टीव्हीवर बघून मान हलवत होतो. आमच्यात तेच तीस घरांसाठी चालले होते.

कमिटीचा सेक्रेटरी ललित घरी आला. "काकू, वही ऑडिटला दाखवायची आहे. दो दिन में वापस."

मी चहा करून दिला आणि वही दिली.

पंधराव्या दिवशी पोलिसांनी गिरधरला प्रार्थनेतून उचलून नेले. आमिष दाखवून धर्म बदलवला, हा गुन्हा. पुरावा माझे पान. एकच तारीख, डावीकडे ब्लँकेट, उजवीकडे बाप्तिस्मा.

वस्तीतला कडू नावाचा म्हातारा एकदा भर उन्हात बसने माझ्याकडे आला. पाणी प्यायला नाही. म्हणाला, "बाई, मला तर थंडी वाजत होती. माझं नाव कायले लिहिलं?"

 

कायदा सरकारने केला, त्याबद्दल मला बोलायचे आहे ते देवापाशी बोलते. पण वही नेऊन देणारे हात आमचे. हे मी सरकारवर ढकलणार नाही. आणि आमिषाचे म्हणाल तर माझ्या आजोबांना नगरकडे दुष्काळात बाजरी मिळाली आणि बाप्तिस्माही मिळाला. आधी काय मिळाले ते आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही. अजय मला म्हणाला, "आई, त्या जंगलातल्या माणसासाठी तू आपल्या लोकांना कोर्टात उभं करणार?" मी म्हटले, "तुझा पणजोबा कुठल्या बंगल्यातून आला होता रे?" तेव्हापासून तो येत नाही.

तीन तारखांना मी कोर्टात गेले. तिन्ही वेळा साक्ष झाली नाही. म्हणून इथे सांगते. अक्षर माझे. दोन्ही याद्यांमध्ये सव्वा वर्ष आहे. ब्लँकेटाच्या बदल्यात कोणाकडून काही मागितले नव्हते. दुसरी तारीख घातली नाही ही चूक माझी, गिरधरची नाही.

४. सोन्याच्या दोन बांगड्या विकून पंडित वकिलांची फी द्यावी. ते म्हणतात जामिनाची आशा धरू नका. मी धरलेली नाही, तरी द्यावी.

५. शिवणाचे मशीन आणि भांडी रंजिताला. मंडळीला काही नाही. पूर्वी वेदीवरचे कापड मी धुवायचे; आता ज्यांना गाळे मिळाले त्यांनी धुवावे.

६. माझ्या देहाबद्दल. आमच्या कबरस्तानात सेक्रेटरीच्या चिठ्ठीशिवाय खड्डा खणत नाहीत. गेल्या महिन्यात ललित खाटेशी बसून म्हणाला, "कोर्टात एवढंच म्हणा काकू, अक्षर माझं आहे. पुढे बोलू नका. काकांच्या बाजूची जागा कुठे जात नाही."

"आणि बोलले तर?"

"मग कमिटी ठरवेल."

चाळीस वर्षे संसार केला त्या माणसाशेजारी झोपायचे, एवढीच माझी हौस होती. पण त्या किमतीला नको. माझ्यासाठी कोणीही चिठ्ठी मागायला जाऊ नये. मला तापीच्या घाटावर न्यावे आणि जाळावे. राखेतून उठवणे देवाला जड नाही असे मी पूर्वी दुसऱ्यांना सांगत असे. हल्ली मी प्रार्थना करते, पण मागत काही नाही. ज्योतीने घाटावर प्रार्थना मनात म्हणावी, मोठ्याने नको. कोणी व्हिडिओ काढला तर तिच्यावर वेगळी केस व्हायची.

जीवनच्या शेजारच्या जागेवरचा माझा हक्क मी सोडते. कमिटीने ती कोणालाही द्यावी.

हे अमलात आणण्याचे काम ज्योतीकडे. साक्षीसाठी मंडळीतल्या चौघांना विचारले. चौघांनाही त्या दिवशी बाहेरगावी जायचे निघाले. शेजारची सिंधू म्हणाली, "सही करते कोकिळाताई, पण उद्या आमच्यावर काही येणार नाही ना?" मी म्हटले, "साक्ष दिल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, बाई." ती हसली, पण आधी दार लावून घेतले.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: कोकिळा जीवन पारधे

साक्षीदार:
१. सौ. सिंधू भाईदास महाजन, शेजारीण, बुधवारा
२. सखाराम ओंकार चौधरी, कारखान्यात जीवनचे जोडीदार, आता निवृत्त

ठिकाण: बुऱ्हाणपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४